कोरडा नको, ओलाही नको : गोव्याच्या पावसाळ्यात सिगारची साठवण

मे महिना सरत आला की गोव्यातील घराघरांत पुरुमेंताची धांदल उडते. सुकी मासळी, सोले, चिंच, मिरच्या, पापड, लोणची असे सारे उन्हे खाऊन डब्यांत आणि बरण्यांत बंद होते. या साऱ्या खटाटोपामागचे पिढीजात शहाणपण एकच असते: पुढचे चार महिने हवेतील ओलावा आत शिरता कामा नये.

याच दिवसांत जहाजावर नोकरी करणारा मुलगा किंवा भाऊ रजेवर घरी येतो. सोबत आणलेल्या भेटवस्तूंत कधी वडिलांसाठी, कधी मामांसाठी सिगारची एक पेटी असते. परदेशातील मोठ्या कमाईतून घेतलेली ती पेटी एखाद्या चांगल्या प्रसंगी उघडू म्हणून दिवाणखान्यातील कपाटात ठेवली जाते. सप्टेंबरात पाहुणे येतात, पेटी उघडली जाते आणि पानांवर पांढुरकी-हिरवट लव दिसते. सिगार हाताला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे लागतात. आणणारा तोवर पुन्हा जहाजावर रुजू झालेला असतो. त्याला ही गोष्ट कळवावी की नाही, असा प्रश्न घरच्यांपुढे उभा राहतो.

दोष ना देणाऱ्याचा असतो, ना घेणाऱ्याचा. सिगार साठवण्याविषयी जे मार्गदर्शन उपलब्ध असते, ते बहुतेक थंड आणि कोरड्या देशांत लिहिलेले असते. तेथे सिगार वाळून जाऊ नये म्हणून पेटीत ओलावा वाढवावा लागतो. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात प्रश्न नेमका उलटा असतो. येथे ओलावा बाहेर ठेवावा लागतो. मात्र पुरुमेंतासारखा तो पूर्ण काढूनही टाकायचा नसतो. मधला बिंदू साधायचा असतो आणि तो का व कसा साधायचा, हे समजले की पेटी वाचवणे फारसे कठीण राहत नाही.

पानाचा स्वभाव

सिगार हा तंबाखूच्या अख्ख्या पानांचा वळलेला पदार्थ आहे. मराठीत रुळलेला ‘चिरूट’ हा शब्द आणि पोर्तुगीजमधील ‘शारूतू’ हे दोन्ही तमिळमधील ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळी, या शब्दाशी नाते सांगतात. खुद्द तंबाखूचे पीक भारतात आले ते पोर्तुगीजांच्या मार्फत. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील तंबाखू जहाजांतून गोव्याच्या बंदरात उतरत असे. त्यामुळे या वस्तूशी गोमंतकाची ओळख नवी नाही.

सिगारचे तीन थर असतात. आत भरणाची पाने, त्यांना धरून ठेवणारे बांधणीचे पान आणि सर्वांत वर पातळ, देखणे आवरणपान. ही तिन्ही पाने हवेतील बाष्प शोषतात आणि हवा कोरडी झाली की ते परत सोडतात. ओलाव्याने पान फुगते व लवचिक होते. कोरडेपणाने आक्रसते व ठिसूळ होते. निपाणी भागात बिडी वळणाऱ्या स्त्रिया तेंदूची पाने आधी भिजवून मऊ करून घेतात, कारण कोरडे पान वळताना फाटते. पानाचा हाच स्वभाव सिगारलाही लागू पडतो.

अति ओलावा मिळाला की आतले भरण फुगते. वरचे पातळ आवरण तेवढे ताणले जात नाही आणि ते उकलते. असा सिगार नीट जळत नाही, वारंवार विझतो, धूर ओढताना जोर लावावा लागतो. उलट ओलावा फार कमी झाला, तर आवरण चुरचुरते, सिगार भराभर व गरम जळतो आणि पानातील सुगंधी तेले उडून जातात. गेलेला ओलावा परत आणता येतो. उडून गेलेला सुगंध येत नाही.

६५ ते ७० टक्के म्हणजे नेमके काय

सिगारसाठी ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. यातील ‘सापेक्ष’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हवा जितकी उबदार, तितके अधिक बाष्प ती धरून ठेवू शकते. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांना सुमारे १७ ग्रॅमच. हवेत प्रत्यक्ष असलेले बाष्प आणि त्या तापमानाला मावू शकणारे बाष्प यांचे शेकड्यातील प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. पान किती ओलावा शोषणार, हे मुख्यतः या प्रमाणावर ठरते.

पणजीत वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक भाग जून ते सप्टेंबरात. जुलैतील पावसाळी दिवशी हवेतील सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असणे ही नित्याची गोष्ट आहे. म्हणजे उघड्या कपाटात ठेवलेला सिगार दिवसेंदिवस ओलावा पीत राहतो. बुरशीला वाढण्यास ७५ टक्क्यांच्या वरची दमट, उबदार आणि खेळती नसलेली हवा लागते. बंद कपाटात ती आयतीच मिळते. इंदूर वा ग्वाल्हेरकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की तीच पेटी तेथे काही दिवसांत वाळून कडकडीत होईल. म्हणूनच एका गावचा उपाय दुसऱ्या गावी जसाच्या तसा चालत नाही.

मिठाची साक्ष

पावसाळ्यात बरणीतील मिठाला पाणी सुटते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. त्यामागचे शास्त्र सिगारच्या पेटीत थेट उपयोगी पडते. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांहून अधिक झाली की बाष्प ओढून विरघळू लागते. त्याखाली ते कोरडे राहते. मिठागरातील खड्याच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून ते त्याही आधी ओलसर होते. स्वयंपाकघरातील शुद्ध मिठाला पाणी सुटू लागले, तर त्या घरातील हवा सिगारसाठी धोक्याच्या रेषेपलीकडे गेली, असे निःशंक समजावे.

याच गुणाचा उपयोग करून आर्द्रतामापकाची परीक्षा घेता येते. घड्याळासारख्या काट्याचे मापक दिसायला सुंदर असले, तरी अनेकदा १० टक्क्यांपर्यंत चुकते; अंकीय मापक तुलनेने विश्वासार्ह असते. तरीही नवे मापक तपासून घ्यावेच. बाटलीच्या झाकणात पाकिटातील शुद्ध मीठ भरावे. त्यावर पाण्याचे मोजके थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखे करावे. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. हे झाकण आणि मापक दोन्ही झिप असलेल्या जाड प्लास्टिक पिशवीत, एकमेकांना न लागता ठेवून पिशवी घट्ट बंद करावी. दिवसभराने मापकाने ७५ टक्के दाखवले पाहिजेत. त्याने ७१ दाखवले, तर ते चार टक्के कमी दाखवते असे कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला चिकटवून ठेवावे. ही साधी तपासणी न केल्यामुळे अनेकजण चुकीच्या आकड्यावर विसंबून राहतात आणि नुकसान लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो.

लाकडी पेटी की काचेची बरणी?

सिगारसाठी खास बनवलेल्या पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. तिच्या आतील अस्तर बहुधा ‘स्पॅनिश सीडर’ या लाकडाचे असते. नाव असे असले तरी हे झाड खरे सीडर नव्हे आणि ते स्पेनचेही नव्हे. ते मध्य व दक्षिण अमेरिकेतील, आपल्या कडुनिंबाच्याच कुळातील झाड आहे. हे लाकूड ओलावा शोषते, हळूहळू सोडते आणि त्याचा मंद गंध तंबाखूला साजतो.

कोरड्या देशांत नवी पेटी वापरण्यापूर्वी तिचे लाकूड आधी ओलावून तयार करावे लागते, अन्यथा ते सिगारमधीलच ओलावा पिऊन टाकते. गोव्यात पावसाळ्यात हा सोपस्कार करू नये. येथे लाकूड आपणहून हवे त्याहून अधिक ओलावते. शिवाय लाकडी पेटी पूर्ण हवाबंद नसते. झाकणाच्या फटीतून दमट हवा दिवसरात्र आत झिरपते. महागड्या पेटीत ठेवूनही सिगारना बुरशी आल्याची तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा या फटीत असते.

म्हणून पावसाळ्याचे चार महिने तरी रबरी कडे असलेली काचेची बरणी किंवा चारी बाजूंनी खटक्यांनी बंद होणारा प्लास्टिकचा डबा अधिक भरवशाचा. डबा नवा असावा. मसाल्याचा किंवा लोणच्याचा जुना डबा कितीही धुतला तरी वास सोडत नाही आणि तंबाखूचे पान वास तत्काळ उचलते. याच कारणाने सिगार डांबराच्या गोळ्या किंवा कापूर ठेवलेल्या कपाटात ठेवू नयेत. डबा घट्ट बंद होतो की नाही, हे पाहण्यासाठी आत कोरडा कागद ठेवून डबा क्षणभर पाण्यात बुडवावा. कागद ओला झाला, तर तो डबा या कामाचा नाही. जुन्या सिगारपेटीतील लाकडी पट्टी आत ठेवली, तर लाकडाचा लाभही मिळतो.

ओलावा देणारी आणि घेणारी पुडी

हवाबंद डबा बाहेरचा ओलावा अडवतो, पण आतील पातळी राखण्यासाठी आणखी एक साधन लागते. जुन्या पद्धतीत डिस्टिल्ड पाण्याने भिजवलेला स्पंज पेटीत ठेवतात. तो ओलावा देतो. जास्त झालेला परत घेत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात असा स्पंज म्हणजे संकटाला दिलेले आमंत्रणच. दुसऱ्या टोकाला सिलिका जेलच्या कोरड्या पुड्या असतात. त्या कॅमेऱ्यासाठी उत्तम, पण त्या ओलावा नुसता खेचत राहतात आणि सिगार वाळवून टाकतात.

या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे दोन्ही दिशांनी काम करणाऱ्या आर्द्रता-नियंत्रक पुड्या. त्यांत विशिष्ट क्षारांचे संपृक्त द्रावण असते आणि बाहेरचे आवरण फक्त बाष्पाला वाट देते, पाण्याला नाही. डब्यातील हवा अधिक दमट झाली की द्रावण बाष्प ओढून घेते. कोरडी झाली की बाष्प सोडते. मिठाच्या परीक्षेतील ७५ टक्क्यांचेच हे तत्त्व. केवळ क्षार बदलून हवा तो आकडा साधला जातो. बाजारात ६२, ६५, ६९ व ७२ टक्क्यांच्या पुड्या मिळतात. साधारण २५ सिगारमागे ६० ग्रॅमची एक पुडी असे प्रमाण धरले जाते.

गोव्यातील घरात, जेथे तापमान २८ ते ३२ अंशांदरम्यान असते, तेथे ६५ टक्क्यांची, पावसाळ्यात तर ६२ टक्क्यांचीही पुडी निवडणे शहाणपणाचे. उबदार हवेत बुरशी आणि कीड दोन्ही झपाट्याने वाढतात. म्हणून आर्द्रतेची पातळी थोडी खाली ठेवून सुरक्षिततेला जागा ठेवावी. पुडी फुगून पातळ रसासारखी हलू लागली, तर ती क्षमतेबाहेर ओलावा प्यायली आहे. कडक खडे लागू लागले, तर ती संपली आहे. दोन्ही वेळी ती बदलावी. वापरात नसलेल्या पुड्या मूळ बंद वेष्टनातच ठेवाव्यात. उघड्या ठेवल्या तर त्या घरातील हवाच कोरडी करू पाहतील आणि निकामी होतील.

डबा उघडला की सारे बिघडते, अशी धास्ती मात्र बाळगू नये. १० लिटरच्या डब्यातील हवेत जेमतेम ०.२ ग्रॅम बाष्प असते. उलट १० ते १२ ग्रॅमचे २५ सिगार धरले, तर त्यांच्या पानांत मिळून ४० ग्रॅमच्या आसपास पाणी असते. क्षणभर उघडझाप झाल्याने हवा बदलते, पाने नाही. नुकसान होते ते महिनोन्‌महिने चालणाऱ्या गळतीने. एक-दोन आठवड्यांनी डबा मिनिटभर उघडून सिगार पाहणे उलट हिताचेच असते.

उष्णता आणि भुंगेरा

तंबाखूचा दुसरा शत्रू आकाराने दोन-तीन मिलिमीटरचा असतो. तांबूस तपकिरी रंगाचा हा भुंगेरा हळद, सुंठ, मिरची, धणे यांतही सापडतो. पुरुमेंताच्या डब्यांत तो अनेकांनी पाहिलेला असतो. त्याची सूक्ष्म अंडी पानांतच असू शकतात. तापमान सुमारे २४ अंशांच्या वर गेले की ती उबण्याची शक्यता वाढते. अळ्या पान पोखरत जातात आणि सिगारच्या अंगाला टाचणीने टोचल्यासारखी गोल छिद्रे पडतात. एका सिगारपासून सगळी पेटी जाऊ शकते. गोव्यात हा धोका मार्च ते मे या काळात सर्वाधिक, पण तापमान पाहता तो वर्षभर राहतोच.

छिद्र किंवा बारीक भुकटी दिसली तर तो सिगार तत्काळ वेगळा करावा. उरलेले सिगार दुहेरी हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन ते सात दिवस ठेवावेत. नंतर एक दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आणि मग खोलीत, असे टप्प्याटप्प्याने उबेत आणावेत. एकदम बदल झाला तर आवरण तडकते. पिशवी सिगार पूर्ण उबेत येईपर्यंत उघडू नये. जुलैत खोलीचे तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर २५ अंशांहून गार असलेल्या कोणत्याही वस्तूवर दव धरते. थंड सिगार अशा हवेत उघडा केला तर तो क्षणात ओला होतो.

याच कारणाने सिगार नेहमीसाठी फ्रिजमध्ये ठेवण्याची प्रथा योग्य नाही. आजच्या फ्रिजमधील हवा कोरडी असते, तिला मासळी-मसाल्यांचा वास असतो आणि पावसाळ्यात वीज गेली की आत-बाहेर दव धरते. रात्री वातानुकूलित आणि दिवसा बंद अशा खोलीतही चढउतार होतच राहतात. त्यापेक्षा घराच्या आतल्या बाजूचे, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले, उन्हापासून दूर असलेले कपाट आणि त्यातील मधला कप्पा बरा. जमिनीलगतचा कप्पा टाळावा.

बिघडलेले काय वाचते?

ओलावलेले पण बुरशी न आलेले सिगार वाचवता येतात. त्यांना उन्हात किंवा पंख्याखाली ठेवण्याचा मोह आवरावा. वरचे पान आधी आक्रसते, आतले भरण फुगलेलेच राहते आणि सिगार उकलतो. नव्या पुडीसह हवाबंद डब्यात दोन ते चार आठवडे ठेवून ओलावा हळूहळू उतरू द्यावा. वाळलेल्या सिगारनाही असाच वेळ द्यावा लागतो.

बुरशीची गोष्ट वेगळी. तंबाखूच्या पानांतून कधी बारीक स्फटिकासारखी पांढरी भुकटी बाहेर येते, असे जाणकार सांगतात. पण लोकरीसारखी, ठिपक्याठिपक्यांची, निळसर किंवा हिरवट छटेची लव ही बुरशीच. शंका आली तरी बुरशीच समजावी. ती पुसून सिगार वापरणे धोक्याचे, कारण आतील भरणात ती पोहोचली आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. तो सिगार टाकून द्यावा, डबा नीट पुसून कोरडा करावा आणि उरलेले सिगार एकेक करून तपासावेत.

पेटी कितीही चांगली जपली, तरी आतील वस्तू निरुपद्रवी होत नाही. सिगारच्या धुरानेही तोंडाचा, घशाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो. एखाद्या मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकण्याविरुद्ध गोव्याने १९९७ सालीच स्वतःचा कायदा केला. डबा मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागीच असावा. सिगार न ओढणाऱ्याच्या घरी अशी भेट आली, तर तिला आठवण म्हणून जपण्यासही हेच नियम लागू पडतात.

ज्यांच्या कपाटात यंदा अशी पेटी आली आहे, त्यांनी पहिल्या पावसाआधी तीन वस्तू आणून ठेवाव्यात: घट्ट झाकणाची बरणी, ६५ टक्क्यांची पुडी आणि मिठाने तपासलेले मापक. जूनच्या पहिल्या आठवड्यात सिगार बरणीत घालून आकडा लिहून ठेवावा आणि पुढे दर पंधरा दिवसांनी तो पाहावा. मापकाने सलग ७० च्या वर दाखवले, तर झाकणाचे रबर आणि पुडी यांपैकी एकात दोष आहे असे समजून दोन्ही तपासावीत. ऑक्टोबरात पाऊस थांबून हवा कोरडी होऊ लागली की हवे तर सिगार पुन्हा लाकडी पेटीत हलवावेत. पुडी मात्र तेथेही ठेवावी. एवढे केले, तर रजेवरून परतलेल्या मुलाने पुढच्या वर्षी पेटीची चौकशी केली, तेव्हा ती त्याच्यासमोर उघडता येईल.